प्रकल्पबाधित कुटुंबं सातव्या मजल्यावर राहायला जातात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईतल्या एका वस्तीच्या 180 झोपड्या नाला रुंदीकरणात जाणार आहेत. सर्व्हे झाला, पात्रतेची यादी लागली, त्यात 31 कुटुंबं अपात्र ठरली. बाकीच्यांना मानखुर्दच्या बाजूला इमारतीत घर मिळेल असं सांगितलं जातंय. लोक खूश आहेत. पण आधी गेलेल्यांपैकी काही जण दोन वर्षांत घर भाड्यानं देऊन परत नाल्याकाठी आले. असं का होतं, आणि वस्तीत काम करणाऱ्यांनी आत्ता काय करावं?

परत येणारी माणसं घर आवडलं नाही म्हणून येत नाहीत. घरात संडास आहे, दाराला कडी आहे, पावसाळ्यात रात्रभर पाणी उपसावं लागत नाही. बायांना विचारा, यातलं एकही सुख त्या सोडायला तयार नसतात. त्या परत येतात ते हिशेब बसत नाही म्हणून. झोपडीतला खर्च रोजचा आणि सुटा असतो. आज पैसे आले तर पाणी, तेल, रॉकेल घेतलं. उद्या नाही आले तर शेजारणीकडून भागवलं. इमारतीतला खर्च महिन्याचा आणि एकरकमी असतो: वीजबिल, मेंटेनन्स, रेल्वेचा पास, शाळेची रिक्षा. कमाई मात्र रोजंदारीचीच राहते, आणि जागा बदलल्यावर आधी कमीच होते. पुनर्वसन फसतं ते या सांध्यात. म्हणून कागदपत्रांइतकंच लक्ष महिन्याच्या हिशेबावर द्या.

तरी सुरुवात कागदांपासूनच करावी लागेल, कारण त्यांना मुदत असते.

यादीतल्या प्रत्येक पात्र कुटुंबाची नोंद एकदा शब्दशः वाचून घ्या. झोपडी क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, वापर निवासी की व्यापारी, सदस्यसंख्या. नावाचं स्पेलिंग आधारवर एक, मतदार यादीत दुसरं आणि परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्र-अपात्रतेच्या अधिकृत यादीत, तिसरं असतं. चावी वाटपाच्या दिवशी याच कारणानं माणूस रांगेतून बाहेर काढला जातो, आणि मग प्रतिज्ञापत्र, नोटरी, हेलपाटे. आत्ता दुरुस्तीचा अर्ज दिला तर एका पोचेवर काम होतं. कुटुंबप्रमुख सर्व्हेनंतर वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं आजच सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्या. नवरा सोडून गेलेल्या बाईच्या घरात सर्व्हे त्याच्या नावावर झालेला असतो. तिथे तिचं नाव लागावं यासाठी स्वतंत्र अर्ज हवा. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या, पद्धतीप्रमाणे घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर दिलं जातं. तुमच्या प्रकल्पातही वाटपपत्रावर दोन्ही नावं येतील, हे लेखी मागून घ्या. एकट्या पुरुषाच्या नावावरचं घर परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात देऊन मोकळं होणं फार सोपं असतं.

प्रत्येक घराच्या दारावर रंगानं लिहिलेला सर्व्हे क्रमांक आणि त्यासमोर उभं कुटुंब, असा फोटो काढून ठेवा. तोडकाम झाल्यावर ‘ही झोपडी तिथे होतीच कशावरून’ या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही. नोटीस, सर्व्हेची पावती, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), वीजबिल या सगळ्याच्या तीन प्रती करा: एक घरात प्लास्टिकच्या पिशवीत, एक नातेवाइकाकडे, एक तुमच्या फायलीत.

एकत्र कुटुंबाचा प्रश्न मात्र कागदानं पूर्ण सुटत नाही, आणि तसं लोकांना खरं सांगा. पोटमाळ्याच्या झोपडीत तीन भावांचे संसार असतील तरी झोपडी एक म्हणून घर एकच मिळतं. मुंबईत हे घर आधी 225 चौरस फुटांचं होतं, 2008 नंतर 269 आणि अलीकडच्या योजनांत 300 चौरस फुटांचं झालं. मानखुर्द आणि वाशी नाक्याच्या जुन्या इमारतींत मिळणारी घरं 225 चीच आहेत. तीन जोडप्यांपैकी दोन कुठे राहणार हे चावी मिळाल्यावर नव्हे, आत्ता ठरायला हवं. नाहीतर पहिल्याच वर्षी भांडण, वाटणी आणि घर विकण्याचा विचार सुरू होतो.

आता हिशेब. प्रत्येक कुटुंबाबरोबर बसून वहीच्या एका पानावर दोन रकाने करा, ‘इथे’ आणि ‘तिथे’. चार ओळी नीट भरल्या तरी पुरे.

पहिली ओळ कामाची. समजा एखादी बाई खारमध्ये तीन घरची धुणीभांडी करते आणि आज चालत जाते. मानखुर्दहून तिला हार्बरनं वडाळा रोडला उतरून गोरेगावकडची गाडी धरावी लागेल. स्टेशनपर्यंतचं चालणं, गाडीची वाट, बदली आणि पुढचं चालणं धरून एका वेळचा दीड तास हिशेबात घ्या. रेल्वेचा पास स्वस्त असतो, तेवढ्यानं कोणी मोडत नाही. मोडतं ते वेळेमुळे. सकाळी सातच्या घरचं काम सुटतं, कारण तेव्हा तिला पाणी भरायचं असतं आणि मुलांचे डबे करायचे असतात. तीनपैकी एक घर गेलं म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा गेला, आणि वर पासाचा खर्च आला. हे पानावर लिहिलं की कुटुंबाला आपोआप दिसतं की दोन घरं टिकवायची की नव्या जागेजवळ चेंबूर-देवनारकडे काम शोधायचं. ते शोधणं स्थलांतराच्या दोन-तीन महिने आधी सुरू व्हावं. नाका कामगारांचंही तसंच. नाक्यावर ओळख लागते, मुकादम नव्या माणसाला पहिले काही आठवडे शेवटी उचलतो.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या, म्हणजे एमयूटीपीच्या पुनर्वसन धोरणात वाढीव प्रवासखर्च आणि कायमचा बुडालेला रोजगार यांसाठी मदतीच्या तरतुदी होत्या. तुमच्या प्रकल्पाला कोणतं धोरण लागू आहे आणि त्यात अशी तरतूद आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. तरतूद असूनही कोणी अर्ज न केल्यामुळे ती पडून राहते, हे वारंवार घडतं.

दुसरी ओळ घरातल्या धंद्याची. पापड, गोधड्या, जरीकाम, पोळीभाजीचे डबे, भंगार निवडणं, हे सगळं ओट्यावर आणि गल्लीत चालतं. ओटा गेला की जागा गेली. माल पाचव्या मजल्यावर चढवायला कंत्राटदार तयार नसतो. तो काम जवळच्या वस्तीत देऊन मोकळा होतो. म्हणून तळमजल्यावरचं सोसायटीचं कार्यालय, बालवाडी आणि कल्याण केंद्र या जागा महत्त्वाच्या आहेत. एसआरएच्या नियमात दर शंभर घरांमागे त्यांची तरतूद असते. नकाशात त्या कुठे दाखवल्या आहेत ते पाहा आणि प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात आहेत तेही पाहा. दुपारच्या चार तासांसाठी अशी एक खोली बचत गटाला मिळाली तरी दहा-पंधरा बायकांचं काम टिकतं.

दुकानदारांना वेगळं बसवून बोला. त्यांचं नुकसान सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी मोजलेलं असतं. एमयूटीपीच्या काळात सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यातल्या दुकानदारांनी 2004 मध्ये थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. त्यांची दुकानं मिळणाऱ्या 225 चौरस फुटांपेक्षा कितीतरी मोठी होती आणि गिऱ्हाईक रस्त्यावरचं होतं. इतर रहिवाशांच्या तक्रारीही त्यात होत्या. मंडळाच्या अहवालानंतर मार्च 2006 मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा निधी थांबवला. सुधारणा मान्य झाल्यावर काही महिन्यांनी तो पुन्हा सुरू झाला. यातून घेण्यासारखं हे की दुकानाचं क्षेत्रफळ, धंद्याचं स्वरूप, नोकर आणि गुमास्ता परवाना यांची नोंद सर्व्हेतच झाली पाहिजे. घर आणि दुकान एकाच झोपडीत असेल तर दोन्ही वापर लिहिले गेलेत का, ते पाहा. ‘निवासी’ एवढाच शिक्का बसला की पुढे दुकानाबद्दल कोणी ऐकून घेत नाही. आणि नवं दुकान मिळणार असेल तर ते रस्त्याकडे तोंड करून आहे की इमारतीच्या आतल्या बाजूला, हे स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

तिसरी ओळ मेंटेनन्सची. याबद्दल लोकांना सर्वांत कमी सांगितलं जातं. ‘घर फुकट आहे, सोसायटीच्या नावावर ठेव आहे, तिच्या व्याजात सगळं भागेल,’ असं सांगण्याची पद्धत आहे. जुन्या नियमावलीत ही ठेव घरामागे 20,000 रुपये होती. शंभर घरांच्या इमारतीचे झाले 20 लाख. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला 1 लाख 40 हजार, म्हणजे महिन्याला साधारण 11,670 रुपये. घरामागे सुमारे 117 रुपये. यात दोन लिफ्टचा वार्षिक देखभाल करार, पाण्याच्या पंपाची वीज, जिन्यातले दिवे, सफाई कामगार आणि टाकी धुणं बसवून दाखवा. बसत नाही. उरलेलं घराघरातून यायला हवं, आणि रोजंदारीवरच्या शंभर घरांपैकी तीस घरांनी तीन महिने दिलं नाही की काय होतं ते ठरलेलंच आहे: सामायिक मीटरचं बिल थकतं, वीज कापली जाते, लिफ्ट बंद, पंप बंद. पंप बंद म्हणजे वरच्या टाकीत पाणी नाही. मग सातव्या मजल्यावरची बाई दहा लिटरचा कॅन घेऊन चौदा वळणं चढते, दिवसातून सहा वेळा, अंधाऱ्या जिन्यात. संधिवात झालेली सासू महिनोन्‌महिने खाली उतरत नाही. अशा वेळी ते कुटुंब नाल्याकाठची खोली भाड्यानं शोधायला लागतं, आणि त्यांना दोष देता येत नाही.

यावरचा उपाय भिशीसारखा आहे आणि तो हलण्याआधीच सुरू व्हावा लागतो. मेंटेनन्स महिन्याला न घेता आठवड्याला घ्या, ज्या दिवशी लोकांच्या हातात पैसा येतो त्या दिवशी, दारावर जाऊन, पुस्तिकेवर सही करून. महिन्याचे 600 एकदम निघत नाहीत, आठवड्याचे 150 निघतात. वस्तीत ज्या गल्लीत बचत गट मजबूत असतो ती गल्ली इमारतीतही पैसे भरते. एमयूटीपीत रेल्वेलगतच्या झोपडीधारकांनी आणि महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या बचत संघटनेच्या गटांनी आधी बचत, मग सोसायटी, मग स्थलांतर असा क्रम ठेवला होता, त्यामागे हेच कारण होतं. आत्तापासून घरटी तीन महिन्यांचा इमारतीतला खर्च साठवायचं लक्ष्य ठेवा. सामान हलवायचा टेंपो, नवं कुलूप, वायरिंग, पंखा आणि मीटरचं डिपॉझिट हे पहिल्याच पंधरवड्यात अंगावर येतं. त्यासाठी सावकाराकडे गेलेलं कुटुंब पुढचं वर्षभर सावरत नाही.

मालमत्ता कराबद्दल एक गोष्ट. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. कोणी त्या नावाखाली घरटी पैसे गोळा करत असेल तर महापालिकेचं बिल दाखवायला सांगा.

चौथी ओळ शाळेची. परीक्षेच्या तोंडावर किंवा पावसाळ्यात हलवू नका, ही मागणी लेखी करा. बेदखलीबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हे स्पष्ट म्हटलं आहे. सर्वांत सोयीचा काळ मे महिना. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायद्याचं कलम 5 तसंच सांगतं. पण नव्या ठिकाणच्या जवळच्या शाळेत त्या माध्यमाचे वर्ग आणि जागा आहेत का, हे आधी जाऊन मोजा. शंभर-दीडशे मुलं एकदम आली की पहिली ते चौथीची सोय कशीबशी होते, आठवी-नववीच्या मुली घरी बसतात. मुली घरी बसल्या की लग्नाचं बोलणं सुरू होतं, म्हणून त्यांची यादी वेगळी ठेवा.

रेशन कार्डाचा पत्ता, मतदार यादीसाठी नमुना 8, गॅस आणि आधार ही कामं एका रविवारच्या शिबिरात उरकता येतात. क्षयरोगाचे आणि एआरटीचे (एचआयव्हीचे उपचार घेणारे) रुग्ण मात्र शिबिराची वाट पाहू शकत नाहीत. त्यांची नावं गुप्त ठेवून आरोग्य सेविकेमार्फत नव्या केंद्राकडे आधी पाठवा आणि महिनाभराची औषधं बरोबर द्या.

आता जागेबद्दल, कारण वाटप कुठे होतंय यावर बरंच काही ठरतं. माहुलचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना तिथे नेलं. शेजारी तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने. हवेच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्येच ठपका ठेवला होता. शेवटी 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिथे जायला नकार देणाऱ्यांना दुसरं घर किंवा दरमहा 15,000 रुपये भाडं आणि 45,000 रुपये अनामत द्यायला सांगितलं. तेव्हा नेमून दिलेल्या जागेला हरकत घेता येते, पण ती चावी घेण्याआधी, लेखी आणि कारणांसह.

मानखुर्द-गोवंडीच्या काही वसाहतींत अडचण वेगळी आहे. इमारतींमधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे, खालच्या मजल्यांना ऊन मिळत नाही. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी वसाहतीत ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनं केलेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवला आहे. यात एक पेच आहे. म्हाताऱ्यांना आणि अपंगांना तळमजला हवा असतो, आणि ऊन-वारा सर्वांत कमी तिथेच असतो. दम्याचा किंवा क्षयाचा रुग्ण असलेल्या घराला दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली मागा. सामान रचून खिडकी बंद करू नका, हे पहिल्या आठवड्यात घरोघर सांगा. माळा नसल्यानं पेट्या आणि गाद्या नेमक्या खिडकीशीच जातात.

माझ्या मते तुमच्या हातातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक मागणी म्हणजे गटवार सोडत. घरोघरची स्वतंत्र लॉटरी काढली तर एक गल्ली पाच इमारतींत विखुरते. मग बाळ कोणाकडे ठेवायचं, आजारपणात कोणाला हाक मारायची, दोनशे रुपये कोण उसने देईल, सगळं नव्यानं. गल्लीच्या दहा-पंधरा कुटुंबांचा गट करा, गटाची एक चिठ्ठी टाका, आणि मिळालेल्या मजल्यावर आपसात खोल्या ठरवा. यात सरकारचा एक रुपया वाढत नाही. गटांची यादी, सह्या आणि अपंग-वृद्धांची वेगळी नोंद असं तयार पत्र घेऊन गेलात तर अधिकारी सहसा नाही म्हणत नाहीत. सोडतीच्या सकाळी तोंडी मागितलं तर हमखास नाही म्हणतात.

चावी घेताना घर तपासायला एक बादली आणि एक टॉर्च पुरे. मोरीत आणि संडासात दोन-दोन बादल्या पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, मग खालच्या घरात जाऊन छत पाहा. ओल उतरली तर ताबा पावतीवर तिथेच लिहा. नंतरच्या तक्रारीत ‘तुम्ही लादी बदलली असेल’ हे उत्तर ठरलेलं. मीटरवर आधीची थकबाकी आहे का ते विचारा. घरं रिकामी पडून असलेल्या इमारतींत ती असते. सोसायटीनं इमारत ताब्यात घेताना लिफ्टची हमी कोणत्या तारखेपर्यंत आहे, पंप किती आहेत, टाकी शेवटची कधी धुतली, दोषदुरुस्तीची जबाबदारी कोणाची आणि ठेवीची रक्कम कोणत्या बँकेत आहे, हे एका कागदावर सहीनिशी घ्यावं. बँक खात्याच्या सह्यांत निदान एक बाई असावी.

घर भाड्यानं देणं किंवा विकणं याबद्दल स्पष्ट बोला. ठरावीक काळ परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही. दलाल मुखत्यारपत्र आणि नोटरीच्या कागदावर व्यवहार करतो, पडेल भाव देतो, आणि पुढे तपासणीत घर गेलं तर कुटुंबाचा पुनर्वसनाचा हक्क एकदा वापरला गेला म्हणून दुसऱ्यांदा काही मिळत नाही. पण नुसती भीती घालून हे थांबत नाही. दलाल त्या घरी पोहोचतो ते थकबाकी तीन-चार महिन्यांची झाली की. तेव्हा पुस्तिकेत सलग चार आठवडे कोरे दिसले की पाचव्या आठवड्यात त्या घरी तुम्ही जायचं. काम सुटलंय, आजारपण आहे की दारू, ते पाहून हप्ते बांधून द्यायचे. पहिलं दीड वर्ष हे नेटानं केलं तर पुढे घरं टिकतात.

राहिली 31 अपात्र कुटुंबं. अपात्रतेचं कारण प्रत्येकाच्या आदेशात वेगळं असतं, म्हणून एकत्र मोर्च्याआधी 31 वेगळ्या फायली करा. झोपडपट्टी कायद्याखाली 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या झोपडीला संरक्षण आहे. त्यानंतरच्या आणि 1 जानेवारी 2011 पूर्वीच्यांना सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे, ज्याची किंमत 2023 मध्ये अडीच लाख रुपये ठरली. तुमच्या यादीला कोणती तारीख लावली, ते आधी लेखी घ्या. ‘पुरावा अपुरा’ असेल तर त्या वर्षाच्या मतदार यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक शोधून निवडणूक कार्यालयातून प्रमाणित प्रत आणा; जुनं वीजबिल नसेल तर ग्राहक क्रमांकावरून कंपनीकडे जोडणीची तारीख मागा; मुलाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधला पत्ता काढा. ‘झोपडी बंद’ असा शेरा असेल तर ते कुटुंब त्या दिवशी गावी किंवा रुग्णालयात असल्याचा कागद हवा. भाडेकरूंच्या बाबतीत प्रत्यक्ष राहतो कोण, यावर भर द्या. अपिलाची मुदत आदेश हातात पडल्यापासून मोजली जाते आणि तो बऱ्याचदा दाराला चिकटवून जातात, तेव्हा चिकटवल्याच्या दिवशीचा तारखेसह फोटो लागतो. अपील दाखल करताना, निकाल लागेपर्यंत झोपडी तोडू नये असा स्थगितीचा अर्ज त्यासोबतच द्या; नुसतं अपील दाखल आहे म्हणून तोडक पथक थांबत नाही. या 31 फायलींवरच्या तारखा आजच पाहून घ्या, बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल.